बावीस ब्रिक्स

दिंडोरी रोडच्या वायनरीत एकोणीस हंगाम
माझं काम एवढंच:
घडातला एक मणी उन्हाकडचा, एक सावलीकडचा,
चिमटीत फोडायचे,
थेंब काचेवर, झाकण, नळी डोळ्याला.
निळं जिथे संपतं आणि पांढरं सुरू होतं
तिथे आकडा.
बावीसच्या खाली असला की मी मान हलवायची
आणि रिकामा ट्रॅक्टर रिकामाच परत जायचा.
"मंदाताई, आकडा?"
माझी ख्यालीखुशालीसुद्धा कोणी विचारत नसे त्याआधी.

खरं सांगू? काच नंतर.
आधी मणी जिभेवर.
जीभ म्हणायची साडेएकवीस
आणि काच तिची री ओढायची.

मग कॅनडा कॉर्नरला, डॉक्टर चोपडांच्या दवाखान्यात
एका पोरीने माझंच बोट चिमटीत धरलं,
माझाच थेंब पट्टीवर.
उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस.
मी विचारलं, काढणीला आले का गं?
ती हसली नाही.

साखर त्याच दिवशी बंद.
पर्समध्ये पांढरी डबी, लायटरएवढी,
अंगठ्याने दाबली की टिक.
शकूरभाईच्या टपरीवर कोऱ्या चहात दोन टिक,
घरी तीन, कोण मोजतंय.
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कल्पलता म्हणाली,
घे गं, शुगर-फ्री आहे, रविवार कारंज्यावरची,
आणि मी चार काजूकतल्या खाल्ल्या.
साखरेची असती तर एकच खाल्ली असती,
तीही पदराआड.

फेब्रुवारीत चुकले.
मणी पाणचट लागला. म्हटलं, अठरा. अजून आठवडा थांबा.
हर्षालीने नळी डोळ्याला लावली,
काढली, पुसली,
माझ्याकडे न बघता पुन्हा लावली.
बावीस, ताई. वरच थोडं.
बांधावर ट्रॅक्टरवाला बिडी विझवून उभा.

त्या दुपारी शेडमध्ये कोणी नव्हतं.
थर्मासच्या झाकणात माझा चहा, कोरा, दोन टिकचा.
जीभ म्हणाली बारा तरी असेल.
मी एक थेंब काचेवर ठेवला.
निळं, निळं, पार तळापर्यंत निळं.
अर्धासुद्धा नाही.
पुन्हा पुसली, पुन्हा ठेवला,
जशी हर्षालीने माझ्यासाठी ठेवली होती तशी.
पगार खाल्ला त्या जिभेचा मी एकोणीस वर्षं.

जूनच्या रिपोर्टात तीन महिन्यांची सरासरी
होती तिथेच, केसभर वर.
डॉक्टर म्हणाले, काही म्हणतात गोड लागलं की शरीर तयारीला लागतं
आणि येत काहीच नाही,
काही म्हणतात पोटातले जंतू बदलतात,
काही म्हणतात, छे, काही होत नाही.
आणि गोळ्या घेणारे बहुतेक आधीच या वाटेला लागलेले,
मग बोट कुणाकडे दाखवायचं?
मला आकडा हवा होता.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
काजूकतल्या किती, ते विचारलं.

आता चहा तसाच पिते.
पहिले आठ दिवस पातेलं चाटल्यासारखा लागला,
मग गवती चहाचं पातं वेगळं कळायला लागलं,
मग शकूरभाईच्या स्टोव्हचा धूर.
साखर? उतरेल तेव्हा उतरेल,
फेऱ्या मारते मखमलाबादच्या कालव्यापर्यंत.

रिकामी डबी नातवाने पळवली.
गॅलरीतून कबुतरावर रोखतो.
टिक.
कबूतर दचकून मान वळवतं.
टिक.
मान थोडीशी.
टिक, टिक, टिक,
कबूतर आपलं खाली बघून
कठड्यावरचा दाणा शोधत राहतं.