साडेतीन पाउंड

तुर्भे एमआयडीसी, गाळा नंबर अठ्ठेचाळीस.
समोर मसाल्याची गिरणी, म्हणून माझ्या दुकानात
दुपारनंतर पेट्रोललासुद्धा धण्याचा वास येतो.

कल्पक मढवी घणसोलीहून आला.
साडेबारा टक्क्यांच्या पैशांतून वडिलांनी
घरावर मजला चढवायच्या आधी घेतलेली कॉन्टेसा,
आता तिला दोन जुळे कार्ब्युरेटर, घासून मोकळं केलेलं हेड,
आणि एकच तक्रार:
"ताई, तिसऱ्या गिअरला, साडेपाच हजारांवर
ती एकदम विचारात पडते."

प्लग काढले. खडूसारखे पांढरे.
विचारात नाही रे, उपाशी आहे.
इंजिनाच्या कुशीतला जुना पंप
बाजारहाटाच्या चालीनं वाढत होता
आणि वाटीतलं पेट्रोल संपून
तरंगा तळाला टेकत होता.

त्यानं पिशवीतून खोका काढला.
चकचकीत पंप, इंजेक्शनच्या गाडीचा,
पंचेचाळीस पाउंड दाब.
जास्त असलेला बरा ना?

मी त्याच्या तळहातावर सुई ठेवली,
कार्ब्युरेटरची, गव्हाच्या दोन दाण्यांएवढी.
हिला दार धरायचंय, म्हटलं,
एका पोकळ पितळी तरंग्याच्या जोरावर.
पंचेचाळीस पाउंड हिच्या अंगावर घातलेस
तर पेट्रोल घशातून वर, गरम इंजिनावर,
आणि पुढचं मी सांगत नाही.
त्यानं माझ्या डाव्या कोपराकडे पाहिलं,
जिथली कातडी अजून मेणासारखी आहे.

हसुराम तेव्हा वॉशर शोधत होता.
कोपरखैरण्याच्या एका सोसायटीचा पंपवाला,
एकवीस वर्षं लोकांच्या आंघोळी सांभाळतोय.
न विचारता बोलला:
"सातव्या माळ्याला दाब लागतो, खालच्यांना धार.
तुमचं बिऱ्हाड कुठल्या माळ्यावर?"
तळमजला, मी म्हटलं,
पण घरात पाहुणे फार.

मग हिशोब, पुठ्ठ्यावर, पेन्सिलीनं.
पूर्ण ताणली की ती मिनिटाला लिटरभर पिते.
पंपानं दोन द्यावेत,
तेही दाब धरून, उघड्या तोंडानं नाही.
खोक्यावरचे आकडे उघड्या तोंडाचे असतात.

तीन पंप मागवले. तिघांना बाकावर बसवलं,
पुढे रेग्युलेटर, साडेतीन पाउंडांवर,
खाली लिटरची बाटली, हातात घड्याळ.
पहिला टिकटिक करत त्रेसष्ट सेकंद.
दुसरा चौतीस, पण ऊसाच्या चरकासारखा ओरडणारा.
तिसरा अठ्ठावीस,
दिसायला बापुडा, करड्या रंगाचा,
कल्पकला मुळीच न आवडलेला.

तोच बसवला. मागे, टाकीच्या शेजारी, टाकीहून खाली,
कारण ही जात ओढायला आळशी, ढकलायला तयार.
आधी जाळी, मग पंप, खाली रबराची गादी.
जुन्या वायरीतून त्याच्यापर्यंत दहा व्होल्ट पोचत होते,
जाड वायर ओढली, रिले दिला, तेरा झाले.
आणि ऑइलच्या दाबावर चालणारा एक स्विच,
ज्याचे मी पैसे लावत नाही.
इंजिन मेलं की पंप गप्प.
गाडी कुठे उलटून पडली
तर तिनं पेट्रोल ओतत राहू नये.
"एवढं लागतं?" कल्पकनं विचारलं.
हसुरामनं त्याला तंबाखूचा हात झटकून
फक्त "हो" म्हटलं.

चावी फिरवली. मागे कुठेतरी घुं,
वाट्या भरल्या, सुया बसल्या,
एक थेंब बाहेर नाही.
तिसऱ्या गिअरचं रविवारी कळेल, धावपट्टीवर.
मी काही वचन दिलेलं नाही.

चकचकीत पंप तो इथेच विसरला, की ठेवून गेला.
त्याच्या खोक्यात आता मी
झिजलेल्या सुया टाकते.