नोंदवही, खासगी

प्लांटवरची नोंदवही मी अकरा वर्षं लिहितोय.
काळी शाई. दर दोन तासांनी
दाब, तापमान, पाण्यातला क्षार.
खाडाखोड चालत नाही.
चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
शेजारी आपली सही, मग साहेबाची.

समुद्र एका पाइपातून आत येतो
आणि सूर गावच्या नळांना गोडा होऊन जातो.
सांगोल्यात हे कुणाला पटत नाही.
मावशी विचारते, मग मिठाचं काय करता रे तुम्ही?
परत समुद्रात सोडतो, मी म्हणतो.
म्हणजे उसनं आणलेलं फेडल्यासारखं, ती म्हणते,
आणि फोन ठेवून देते.

फेब्रुवारीत वरचं एकशे साठ, खालचं शंभर.
डॉक्टर हेबा कैरोची, चष्मा कायम कपाळावर.
गोळी लिहून दिली, वर म्हणाली,
रोज एक पान लिही. कालचं नको, उद्याचं नको.
मला वाटलं, बाईचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी
यांची कुठेतरी चुकामूक झाली.

डायरी मिळाली बोटींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून,
दोन वर्षं जुनी, फुकट,
सगळ्या तारखा चुकीच्या वारांवर.

पहिले आठ दिवस नुसता हिशेब निघाला.
पाठवले इतके. रियालचा भाव इतका.
धाकट्याच्या कॉलेजचे, कांचनच्या दातांचे.
नवव्या दिवशी बांधावरची ती पाच हात जमीन आली,
आणि थोरला भाऊ.
एक वाक्य लिहिलं, मग गिरवून गिरवून काळं केलं.
पेन कागदाच्या आरपार गेलं.
लाज वाटली.
अकरा वर्षांत या हाताने असं कधी खोडलं नव्हतं.

पुढच्या पानावर तेच वाक्य पुन्हा, नीट अक्षरात:
तू मला फसवलंस, दादा.
एक आडवी रेघ.
शेजारी सही.
खालचं वाचता येत होतं.

मग शुक्रवार आला. सुट्टी.
०६:०० शाजी न्हाणीत. बादली भरत आली की
पाण्याचा आवाज बारीक होतो.
इतकी वर्षं एका खोलीत राहून आज ऐकला.
०८:०० खाडीपलीकडे दीपस्तंभावर ऊन.
पांढरं म्हणणार होतो. पांढरं नाही. ज्वारीच्या पिठासारखं.
१०:०० डाव्या गुडघ्यात ठणका. आहे.
१२:०० वीज गेली. एसी बंद पडला
तेव्हा कळलं की तो घरघरत होता.
१४:०० झोपलो. नोंद नाही.
१६:०० राग तपासला. मोजायला काटा नाही.
अंदाजे निम्मा.
१८:०० पुन्हा तपासला. सकाळपेक्षा जास्त.
तसंच लिहिलं.

प्लांटच्या वहीत बिघाड लिहायचा असतो,
बाकी सगळं एका शब्दात: नॉर्मल.
या वहीत उलटं होत चाललंय.
नॉर्मललाच दोन-दोन पानं लागतात.

परवा हेबाने दंडाला पट्टा गुंडाळला, एकशे अठ्ठेचाळीस म्हणाली.
ते मी लिहिलं नाही. घरी येईपर्यंत कालचं झालं होतं.

काल रात्रपाळीला वही चुकून टेबलावर राहिली.
खमीसने उचलली, उलटीकडून चाळली,
एकही अक्षर वाचता येईना त्याला.
हा कुठला प्लांट, म्हणाला.
जुना आहे, मी म्हटलं. बावन्न वर्षं एकही शटडाउन नाही.
तो हसला नाही. मान डोलावली.
पानं उलटत आडव्या रेघेपाशी थांबला,
माझी सही पाहिली, दुसरी नाही हे पाहिलं,
खिशातलं पेन काढलं
आणि नियमाप्रमाणे
दादाच्या त्या वाक्यापुढे आपली सही केली,
अरबीत, उजवीकडून डावीकडे,
माझ्या सहीला जाऊन टेकेल अशी.

तेवढ्यात दोन वाजले.
दाब बघायला उठलो.