एकेचाळीस फूट दोन इंच

चहाच्या आधी मी पातळी बघतो.
राजाराम बंधारा: एकेचाळीस फूट दोन इंच.
ग्रुपवर पाच जणांनी तोच आकडा टाकलाय,
सहाव्यानं मागच्या महापुराचा फोटो.

सानिकाकडं ड्रोनचा व्हिडिओ.
शुक्रवार पेठ वरनं काड्यापेट्यांसारखी.
"पप्पा, आपली टाकी दिसालीया बघा!"

आण्णा छत्री घेऊन गेलेले,
येतात ते गुडघ्यापर्यंत भिजून.
"दगडूच्या गिरणीची दुसरी पायरी गेली,"
एवढंच म्हणतात,
आणि कुणाला न विचारता
जोंधळ्याचे डबे माळ्यावर चढवायला लागतात.

मी मोबाईल खिशात टाकतो, शिडी धरतो.
चौथ्या डब्याला आण्णा थांबतात,
वरनंच नातीला म्हणतात,
"तुझ्या त्या पाखराला विचार की गं,
राधानगरीचं दार उघडलं काय?"