तळाशी काय बसतं

हमरियाच्या मागच्या अंगाला गोदाम नऊ.
बाहेर सत्तेचाळीस अंश, आत एसीचा घसा बसलेला.
शिहाबुद्दीनचा माणूस क्रेट ठेवून जातो.
बाटल्यांत मधाच्या रंगाचं काहीतरी,
उजेडात धरलं तर बोट बुडवावंसं वाटेल.

झाकण काढलं की कळतं
शारजातल्या साठ भटारखान्यांचं हे तेल.
यात समोसे पोहलेत, झिंगे, पराठे,
रमजानच्या अख्ख्या महिन्याची भजी.

तीन मिली इंधन, सत्तावीस मिली मिथेनॉल.
हलवायचं आणि गप्प बसायचं.
विरघळलं सगळं, तर ठीक.
तळाशी एक थेंब जरी बसला
तर ते अजून तेलच आहे,
नुसते कपडे बदललेलं.

मॅरिव्हिक पाण्याचा अंश मोजते
ओठ मिटून, परक्याचे पैसे मोजावेत तशी.
मी बंद कपात नमुना तापवतो,
थोड्या थोड्या अंशांनी ज्योत दाखवतो.
एकशे एकच्या आत पेटायचं नाही, असा नियम.
हा त्र्याऐंशीलाच भपकन हसला.
मिथेनॉल राहिलंय पोटात.
धुतलं नाही, वाळवलं नाही, कुणाला तरी घाई होती.

फोन येतो. "सर, थंडी कुठाय इकडे?
काही गोठत नाही. गाड्या चालतात की!"

चालतात.
मीही चालतोच आहे, चौदा वर्षं.

गेल्या ऑगस्टात धैदच्या रस्त्यावर
गुलजमीरची बस बंद पडली. दुपारचे दोन, बेचाळीस माणसं.
फिल्टरमधून निघाला तो साबण,
लोण्यासारखा, बोटाला न सोडणारा.
रुमालात बांधून त्यानं तो मला आणून दिला:
"तुमच्याकडूनच पास झालं ना हे?"
सही माझी नव्हती. मी रजेवर होतो.
तरी रुमाल अजून माझ्याच खणात आहे.

आमचा नानामामा वाळव्याकडे गुळव्या होता.
काहिलीतला पाक पाण्यात टाकायचा,
गोळी वळून परातीवर मारायचा, कान देऊन ऐकायचा.
मालक घड्याळ बघतोय, टेम्पो दारात,
चुलवाण्या घामानं निथळतोय,
आणि मामा म्हणायचा, "आजून न्हाई."
एवढंच. पुढं काही समजावून सांगायचा नाही.

अहवालात रकाने बारा. अकरा बरोबर.
बाराव्यात मी 'नापास' टाइप करतो,
एकदा खोडतो, वेळ बघतो, पुन्हा टाइप करतो.
मॅरिव्हिक बघते, बोलत नाही,
प्रिंटरमध्ये कागद घालते.

खाली गुलजमीरचा हॉर्न.
बसच्या धुराला तळणीचा वास येतो,
भूक लागते, आणि भूक लागल्याची लाज वाटते.
पायरीवर पाय ठेवून विचारतो,
आज टाकीत कुठली खेप?
तो आरसा पुसत खांदे उडवतो.
"बसा तर खरं."