पावती क्रमांक ४१२

पुन्ता अरेनासला आधी वारा पोचला,
मग मेंढ्या, मग आम्ही.

पणजोबा येर्को ब्राच बेटावरचे पाथरवट.
इथे फोडण्याजोगा दगड नव्हता,
म्हणून लोकरीच्या ट्रकखाली शिरले
आणि तिथे वारा लागत नाही असं पाहून
तिथेच राहिले.
पणजी म्हणे, थापा. सावकाराला चुकवत होते.

पाटी रंगवणाऱ्यानं आडनावातलं एक अक्षर गाळलं.
एवढ्या पैशांत एवढीच अक्षरं, म्हणाला.
सरकारी कागदांवरही आता आम्ही
तेवढेच आहोत.

आजोबा विन्को. हिवाळ्यात नऊ वाजून जायचे उजाडायला,
तोवर ते इंजिनखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवून
बॉनेटला कान लावून बसलेले.
"कुठं दुखतं?"
आजीला हा प्रश्न कधी विचारला नाही,
हे ती मला
दोनदा सांगून गेली.

त्या सप्टेंबरात बाबा सतरा वर्षांचे होते.
शनिवारी एरिबेर्तो ओयार्सो मास्तर
साईच्या रंगाची सित्रोनेता ढकलत घेऊन आले.
क्लचची केबल तुटलेली.
आजोबांनी पावती फाडली, अर्धी त्यांना, अर्धी वहीत:
केबल एक. मजुरी. ग्रीसचे धरले नाहीत.
गुरुवारी नेतो, म्हणाले.

मंगळवारी रेडिओवर
नुसता लष्करी बँड वाजत राहिला.

गुरुवारी मास्तर आले नाहीत.
कोणी म्हणालं बेटावर नेलं, कोणी म्हणालं उत्तरेला,
पुढे कोणी काहीच म्हणेनासं झालं.
केबल मात्र बुधवारीच बसवून झाली होती.

गाडी मागच्या भिंतीशी, वर ताडपत्री.
शिपाई आले. बुटाच्या टोकानं ताडपत्री उचलून
एकानं विचारलं, कुणाची?
"भंगार आहे," आजोबा म्हणाले.
एरवी हा शब्द कुणी काढला
तर गिऱ्हाईक असो की पाद्री, बाहेर काढत.

दर रविवारी पाच मिनिटं ती सुरू करायची.
शटर ओढून. धूर फटीतून जाईल तेवढा जाईल.
आजोबांनंतर बाबा.

मग जपानी गाड्या आल्या बोटीनं, स्वस्त, वापरलेल्या,
स्टिअरिंग उजवीकडे.
बाबांनी अर्ध्या गावाचं उजवं डावीकडे आणलं.
जागा पुरेना, गाड्या रस्त्यावर उभ्या,
तरी ती भिंत कुणी मागितली की म्हणायचे,
तिथं काम चालू आहे.

लहानपणी मला वाटायचं
रविवारचा वासच पेट्रोलचा असतो.

रोसाल्बा ओयार्सो आली तेव्हा मी टायर काढत होते.
दोन हजार नऊ. पिकलेले केस, हातात
आईच्या शिवणाच्या डब्यात सापडलेला
पावतीचा अर्धा तुकडा.
"किती द्यायचे?"

बाबांनी चष्मा पुसला.
आकडा एस्कुदोंत होता,
आणि एस्कुदो बंद होऊन चौतीस वर्षं झालेली.
कागदावर त्यांनी गुणाकार केला, खोडला,
परत केला, पानच फाडलं.
"सुटे नाहीत माझ्याकडे," म्हणाले शेवटी.

ती गाडीत बसली. मागच्या सीटवर,
खिडकीशी, गुडघे जवळ घेऊन.
आम्ही उगाच पाने आवरत राहिलो,
चौदाचा बाराच्या खिळ्याला, बाराचा चौदाच्या.
बऱ्याच वेळानं पुढचं दार वाजलं.

कोपऱ्यावर गाडी बंद पडली.
मी निघाले होते, बाबांनी दंडाला धरलं.
थांब. घेईल.
घेतली.

आता बाबा नाहीत. भाचा बास्तियान
बॉनेट न उघडता लॅपटॉपवर दुखणं वाचतो;
बॅटरीच्या गाड्या येतात, न खोकता जातात.
वारा तेवढा जुन्या मॉडेलचा.

आणि सित्रोनेताची केबल
त्यानंतर दोनदा तुटली.
दोन्ही वेळा आम्ही
पूर्ण पैसे घेतले.