दीड बोट

दोना पावला. फेब्रुवारी, दुपारचे अडीच.
खिडकीबाहेर समुद्र आहे,
पडद्यावर त्याच्या माथ्यावरची हवा, दोनदा:
एकदा उपग्रहाने वाचलेली,
एकदा गणिताने रचलेली.
तोच दिवस, तोच अक्षांश,
आणि दोघांत सव्वा मिलिमीटरचा तंटा.

"सव्वा मिलिमीटर कशाचा?" आई फोनवर विचारते.
मी सांगते: अंगणातली मीटरभर चौरस जागा घे,
तिच्यावर आभाळ संपेपर्यंत हवेचा खांब उभा कर,
आणि त्यातली सगळी वाफ पिळून काढ.
खाली जमेल ते दीड बोट पाणी.
त्या दीड बोटातला सव्वा मिलिमीटर.
"इतकं तर वेंचीच्या तावेर्नात ग्लासाला चिकटून राहतं,"
ती म्हणते. "आणि तुला त्याचा पगार?"

तिसरी साक्ष जहाजाची.
सत्त्याण्णव सालचे फुगे,
सोडणारा इनासियो फुर्तादो, आता सांत इनेजला,
कानात यंत्र, हाताला कंप,
पण वही कोरडी ठेवलीय त्याने,
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी.
अक्षर तिरकं, पोर्तुगीज शाळेत वळलेलं:
*साडेपाच. फुगा वर. वारा वायव्य.
यंत्र म्हणतं हवा कोरडी.
माझा सदरा अंगाला चिकटलाय.
यंत्र खोटं बोलतं.*

खोटं का बोलायचं, मी विचारलं.
"बाय, महिनोन्महिने ते वेष्टनात पडून,
प्लास्टिकचा वास पिऊन पिऊन तहान भागलेली त्याची.
मग भर समुद्रावर सोडलं
तरी पाण्याकडे बघेना."
अशा यंत्राच्या आकड्यात थोडं वाढवायचं असतं.
किती, यावर निबंध आहेत,
आणि निबंधांवर निबंध.

मी वाढवते.
फुगा आता उपग्रहाकडे झुकतो, पण दोनच आठवडे.
तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गणिताच्या बाजूने.
संध्याकाळ झाली की वाटतं, सरासरी काढून मोकळं व्हावं.
पण सरासरी म्हणजे दोन साक्षीदार
एकाच खुर्चीत कोंबणं;
दोघेही पडतात.

नकाशा मोठा करत पूर्वेकडे सरकते.
किनारा जवळ आला की चौकोन पांढरे होत जातात.
जमीन फार मोठ्याने बोलते,
तिच्या आवाजात उपग्रहाला
वाफेची कुजबुज ऐकू येत नाही.
म्हणून ते चौकोन पुसायचे. नियम आहे.
नियम मीच लिहिलाय, ओळ चारशे बारा.

पुसलेल्यांपैकी एकात आगरवाडा आहे.
तिथे आत्ता फटूमामा मिठागरात,
पोटऱ्यांपर्यंत पांढरा.
भरतीचं पाणी मानशीतून आत घेतलेलं,
या कोंडीतून त्या कोंडीत, दर कोंडीत थोडं उथळ,
थोडं जड, कडेला गुलाबी.
दिवसाला किती उडतं ते तो जिभेने सांगतो:
बोट बुडवतो, चाखतो, थुंकतो,
"अजून चार दिवस."

वाफेबद्दल त्याने मला कधी विचारलं नाही.
विचारतो ते एवढंच,
पाडव्याआधी ताडपत्री लागेल का.
मला कधीच सांगता आलेलं नाही.

अहवालाचा शेवट राहिलाय. मी लिहिते:
किनाऱ्यालगत माहिती उपलब्ध नाही.
दिवे लागलेत मुरगावच्या धक्क्यावर,
काचेवर आतून धुकं धरलंय, वातानुकूलनाचं.
परत येऊन 'माहिती' खोडते.
लिहिते, 'मापन'.