इतिवृत्त

एकोणीस वर्षं मी सिनेटच्या सभांचं इतिवृत्त लिहिते आहे.
चर्चा झाली. नोंद घेण्यात आली. सर्वानुमते ठरवण्यात आले.
कोणी ठरवलं, हे विचारायचं नसतं.
आमच्या वेल्शमध्ये तर सोपंच आहे,
क्रियापदाला एवढीशी शेपटी जोडली
की कर्ता दार न वाजवता निघून जातो.

यंदा मंगळवारी संध्याकाळी मीच वर्गात बसते,
पन्नाशी उलटलेली, पोरापोरींच्या मधे.
विषय: उच्च शिक्षणातलं नेतृत्व, संघटन आणि संवाद.
बाई तिशीच्या, लीड्सहून आलेल्या,
फळ्यावर चौकोन काढतात, चौकोनांना बाण.
ठळक बाण खाली येतात, तुटक रेषांचे वर जातात.
मी वहीत उतरवून घेते आणि शोधत राहते,
यात ओल्वेन कुठे बसवायची,
जिच्या कमरेला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या
आणि कोण रडून आलंय ते जिला पायरीवरच कळतं.

मग निबंध आला:
नेतृत्व दिसलं असा एक प्रसंग. दोन हजार शब्द.

मला नोव्हेंबरची सभा आठवली.
विषय क्रमांक सात, मृदाशास्त्र विभागाची पुनर्रचना.
पुनर्रचना म्हणजे काय
ते समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्यांनाही ठाऊक होतं.

इथेल प्रॉसर उभा राहिला.
आमच्याकडे उभं राहून बोलायची पद्धत नाही.
वेल्शमधून बोलू लागला तसे
कुलगुरूंनी आणि आणखी नऊ जणांनी हेडफोन चढवले.
मागे काचेच्या खोलीत युरगेन, आमची दुभाषी,
त्याचं एकेक वाक्य उचलून
पलीकडे नीट ठेवत होती, काचसामानासारखं.

बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, तो म्हणाला,
आणि या विषयाला तुम्ही वीस मिनिटं दिलीत.
मग त्याने एक शब्द वापरला,
नांगर नुकताच पुढे गेल्यावर
मागे उलटलेली जी काळी, ओली, वाफाळती असते, तिच्यासाठीचा.
हल्ली तो शब्द शेतांवरही ऐकू येत नाही.

युरगेन थांबली.
दहा माणसं हेडफोनवर टिचक्या मारू लागली.
कुलगुरूंनी वायर तपासली.
भिंतीवरच्या घड्याळात मी अकरा सेकंद मोजले.
मग तिचा आवाज आला, अगदी सपाट:
"वक्ते मातीविषयी बोलत आहेत."

युरगेनने पदवी इथेलच्याच हाताखाली घेतली होती.
त्याला कुठला बाण लावायचा?

इतिवृत्तात मी लिहिलं: अकरा सेकंद कोणी बोलले नाही.
कुलसचिवांनी पेन्सिलीने हळूच खाली रेघ मारली,
याची गरज आहे का, मेरेरिड?
नव्हती. काढून टाकलं.
म्हणजे, काढून टाकण्यात आले.

निबंधात मात्र सगळं घातलं.
बाईंनी समासात हिरव्या शाईने लिहिलं:
वाचायला आवडलं. पण यात नेता कोण?
आणि अकरा सेकंदांना संदर्भ काय?

गुरुवारी कॅन्टीनमध्ये युरगेन भेटली,
सूप ढवळत बसलेली, थंड झालेलं.
तेव्हा काय झालं होतं, मी विचारलं.
शब्द मिळत नव्हता का?
ती म्हणाली, मिळाला होता की.
दोन मिळाले होते.
मग बराच वेळ चमचा फिरवत राहिली.
"माईक बंद करायचा राहून गेला, मेरेरिड.
त्यांना माझा श्वास ऐकू गेला असेल का गं?"

रात्री तळटीप लिहायला बसले.
'श्वास घेण्यात आला' असं लिहून पाहिलं.
खोडलं.
परत लिहिलं: युरगेन पॉवेल, कॅन्टीन, गुरुवार, सव्वाएक.
आणि पुढे काय लिहावं ते सुचेना
म्हणून खिडकी उघडली. टेकडीवर
कोणाचा तरी ट्रॅक्टर अजून चालू होता,
एकच दिवा, जाऊन येऊन.